मृगाचा किडा कीटक नाही म्हणे!

ओसरीवरची

मंडळी, आमच्या घरात सध्या दोन तट पडलेत आणि भांडणाचं मूळ आहे काडेपेटीतले चार तांबडे जीव.

माहेरी आलेय, नगर जिल्ह्यात. परवा मृगाचा पहिला दणका बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच्या ओल्या मातीत मृगाचे किडे निघाले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: बोराच्या बीपेक्षा जरासा लहान, लालभडक मखमलीचा गोळा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प. मग हळूच एक पाय बाहेर काढून अंदाज घेतो आणि चालू लागतो. लहानपणी आम्ही काडेपेटीत ओली माती घालून त्यांना ठेवायचो, शाळेत नेऊन दाखवायचो आणि कुणाचा जास्त मऊ यावर वाद घालायचो.

मुलगा पाचवीत गेलाय. त्याने माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब सोडला (हे कुठे शिकला देव जाणे, पण भिंगासारखं दिसतं खरं), किड्याचा फोटो काढला आणि पाय मोजले. आठ. पुस्तकात लिहिलंय, कीटकाला सहा पाय. झालं! "आजी, हा कीटक नाहीच. हा कोळ्याचा भाऊबंद आहे."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पंचाहत्तर मृग बघितले मी. किड्याला किडा नाही म्हणायचं तर काय बैल म्हणायचं?"

आता मला सांगा, कोण बरोबर? आणि कीटक म्हणजे नक्की काय? किडा, कीड, कीटक हे सगळं एकच ना?

पाटावरचा भुंगा

आजी बरोबर. धागा बंद करा.

सहावा पाय

आधी मुलाची पाठ थोपटा. मृगाचा किडा शास्त्राच्या हिशेबात कीटक नाही. तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या बिरादरीतला आहे. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी 'कीटकांची पाच उदाहरणे लिहा' याच्या उत्तरात कोळी यायचाच. गुण कापताना मलाच वाईट वाटायचं, कारण मराठीत कोळ्याला किडा म्हणणं चूक नाही.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक करा. घरात झुरळ मरून पडलं की केरात टाकण्याआधी उताणं करून बघा. शरीराचे तीन भाग दिसतील: डोकं, छाती, पोट. डोकं छातीच्या ढालीखाली दडलेलं असतं, जरा वाकून बघावं लागेल. मुख्य गंमत अशी की सहाच्या सहा पाय छातीला जोडलेले असतात. पोटाला एकही नाही. पंखही छातीलाच. म्हणजे चालणं-उडणं सगळं छातीकडे, आणि पचन, अंडी वगैरे पोटाकडे. डोक्यावर मिशांची एक जोडी. कोळ्याला मिशा नसतात आणि त्याचे डोकं-छाती एकच झालेले असतात, म्हणून शरीर दोनच भागांचं दिसतं. मृगाच्या किड्यात तर तेही भाग एकजीव होऊन एकच पिशवी झालीये.

सांगाडा बाहेरून, कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा. तो वाढत नाही, म्हणून कात टाकावी लागते. नाकाने श्वास नाही; अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, तिथून हवा नळ्यांवाटे थेट आत. झुरळावर साबणाचं पाणी मारलं की ते मरतं ते याचमुळे. साधं पाणी त्या भोकांत शिरत नाही, साबणाचं शिरतं.

आजवर नावं दिलेल्या सजीवांच्या जातींपैकी निम्म्याच्या आसपास कीटकच आहेत, सुमारे १० लाख. त्यामुळे अपवाद हवे तेवढे सापडतात. पंख नसलेले आहेत (ऊ, ढेकूण, पुस्तकातली कसर), दोनच पंखांचे आहेत (माशी, डास). पण सहा पाय आणि तीन भाग यावर सहसा भागतं.

तिखटमीठ

सर, मग सुरवंट? आमच्या कढीपत्त्यावर आत्ता एक बसलाय, त्याला मी सोळा पाय मोजले. तोही कोळ्याचा चुलत भाऊ का?

सहावा पाय

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी खूश व्हायचो. पुन्हा नीट बघा. तोंडाजवळच्या तीन जोड्या टोकदार, सांध्यांच्या, कडक आहेत. ते खरे पाय. मागचे गुबगुबीत आहेत त्यांना सांधे नाहीत, ते पोटाचे मांसल खुंट आहेत आणि त्यांच्या तळाला बारीक आकड्या असतात. फांदी धरायला तेच कामी येतात. कोषातून फुलपाखरू निघतं तेव्हा खुंट गायब आणि सहा खरे पाय शिल्लक.

उसाच्या हुमणीला सहाच पाय दिसतील. माशीच्या अळीला तर एकही नाही. तिघेही कीटकच. म्हणून पोरांना मी सांगायचो, पाय मोजायचे ते मोठ्या झालेल्याचे.

बारा_बलुतं

आणि गोम? शतपाद म्हणजे शंभर पाय ना?

सहावा पाय

शंभर कधीच नाहीत. मोठ्या झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, १५ पासून १९१ पर्यंत. शंभर पायांना पन्नास जोड्या लागतील, आणि पन्नास सम. आपल्याकडच्या मोठ्या घोणीला बहुधा २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय. पावसाळ्यात वेटोळं करून पडणाऱ्या पैशाला (कोकणात वाणी) 'सहस्रपाद' म्हणतात, तेही उगाच. हजारावर पाय असलेली पहिली जात २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जाहीर झाली, तिच्या एका मादीला १३०६ पाय मोजले. मोजणाऱ्याच्या चिकाटीला नमस्कार.

गोम, पैसा दोन्ही कीटक नव्हेत. खेकडा नव्हे. गांडूळ आणि गोगलगाय तर या संधिपाद, म्हणजे सांध्यांच्या पायांच्या, खानदानातलीच नव्हेत.

शब्दवेडा

सरांचं शास्त्र मान्य. पण धागाकर्तीने शब्दाबद्दलही विचारलंय, आणि तिथे आजींचं पारडं जड आहे.

'किडा' आणि 'कीड' दोन्ही संस्कृत 'कीट'वरून आलेत. 'कीटक' म्हणजे त्याच कीटाला मागे 'क' लावलेला. कीट हा शब्द आयुर्वेदात कसा वापरलाय ते बघा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, 'कीटकल्प' नावाचा अध्याय आहे आणि त्यात विंचू आणि लूता, म्हणजे कोळी, दोन्ही येतात. वैद्याला पायांशी काय घेणं? चावलं, डसलं, विष चढलं, उतरवायचं कसं, हा त्याचा प्रश्न. म्हणजे कीटात कोळी धरणं ही आजींची चूक नाही, ती परंपरा आहे.

बरं, सहा पाय आपल्या लोकांना दिसले नव्हते असंही नाही. भुंग्याला संस्कृतात 'षट्पद' हे नावच आहे. पण ते भुंग्यापुरतं राहिलं, सगळ्या सहा पायवाल्यांना ते कुणी लावलं नाही.

इंग्रजांची कथा वेगळी नाही. त्यांचा 'इन्सेक्ट' लॅटिन 'इन्सेक्टम'वरून आला, अर्थ 'कापलेले', खाचा पडलेले अंग. तोही ग्रीक 'एंटोमॉन'चा अनुवाद. ॲरिस्टॉटलने अंगावर खाचा असलेल्या जीवांना ते नाव दिलं आणि त्यात कोळी, विंचू, गोम सगळे घातले. पायांचा उल्लेखच नाही, खाचांचा आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांचं वर्गीकरण केलं तेव्हा त्याच्या 'इन्सेक्टा'त खेकडेसुद्धा होते! फ्रान्सच्या लामार्कने १८०० च्या आसपास कवचधारी आणि कोळीवर्ग वेगळे काढले, आणि मग हळूहळू सहा पायवाले तेवढे उरले.

म्हणजे नगर जिल्ह्यातली भाकरी थापणारी आजी आणि लिनियस एका बाजूला. पाचवीतला मुलगा आणि लामार्क दुसऱ्या बाजूला. शास्त्राला मराठीत नेमका शब्द हवा होता, तेव्हा पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'कीटक' उचलला आणि त्याला सहा पायांच्या दावणीला बांधला. 'किडा' मोकळाच राहिला. तो दातातही असतो, डोक्यातही वळवळतो आणि पुस्तकीही असतो.

पाटावरचा भुंगा

मी आधीच सांगितलं होतं, धागा बंद करा. 😀

उंबरठा

अवांतर: आमच्याकडे जैन शेजारी आहेत, त्यांच्या आजी पाय मोजत नाहीत, इंद्रियं मोजतात. कृमीला दोन इंद्रियं (स्पर्श आणि चव), मुंगीला तीन (वासाचं वाढलं), भुंग्याला चार (डोळे वाढले), माणसाला पाच. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हीच उतरंड आहे, एकेक इंद्रिय वाढत जाणारी. मुंगीला डोळे असतात हे त्यांना सांगायची माझी अजून हिंमत झाली नाही.

रोखठोक

पाय मोजा, इंद्रियं मोजा. रिकामटेकडेपणा नुसता. किडा दिसला की चप्पल घ्यायची. नाव काय करायचंय?

मिरचीचा बांध

रोखठोक भाऊ, नाव काय करायचं ते मी सांगतो. मला त्याचे पैसे मोजावे लागलेत.

नंदुरबारकडे मिरची आहे माझी. तीन वर्षांमागे पीक दीड महिन्याचं असताना चुरडा-मुरडा आला. शेंड्याची पानं आकसली. दुकानात गेलो, पान दाखवलं, त्याने न बघताच बाटली काढली. "कीटकनाशक आहे, जबरी आहे, मारा." मारलं. आठ दिवसांनी अजून वाढलं. पुन्हा गेलो, त्याने डोस वाढवून दिला. पुन्हा मारलं. मग तर शेताच्या त्या कोपऱ्यात झाडं नुसती ताठरली, फूल धरेना.

शेवटी विद्यापीठातले एक सर गावात दुसऱ्या कामाला आले होते, त्यांना बांधावर ओढून आणलं. त्यांनी पान तोडून नुसतं तळहातावर ठेवलं आणि मला विचारलं, कडा कुठं वळल्यात? मी आजवर बघितलंच नव्हतं. कडा खाली वळल्या होत्या, पान उलट्या होडीसारखं. ते म्हणाले, कडा वर वळल्या असत्या तर फुलकिडे, तो कीटक. खाली वळल्या म्हणजे कोळी, जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक. मग खिशातलं भिंग दिलं. पानाच्या मागच्या बाजूला शिरेजवळ काचेच्या कणासारखे ठिपके चालताना दिसले. साध्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं: मी मारलेलं औषध कोळ्यावर नीट चालत नाही, पण कोळ्याला खाणारे जे मित्रकीटक आणि दुसरे कोळी असतात त्यांना मात्र ते साफ करतं. म्हणजे मी पैसे देऊन चोराला सोडलं आणि राखणदार मारला. कोळीनाशक वेगळं येतं. मला त्यांनी पाण्यात मिसळणारं गंधक सांगितलं, आणि तेही दुपारच्या उन्हात मारू नका, पानं करपतात.

अर्धं पीक गेलं होतं तोवर. आता मजूर औषध मागायला आला की मी पहिलं विचारतो, पाय किती? तो हसतो. हसू दे.

तिखटमीठ

भाऊ, "चोराला सोडलं आणि राखणदार मारला" हे वाचून गप्पच झाले.

ढालकिडा

मी कृषी पदवीधर, आता दुकान चालवतो. (तुमचं ते दुकान माझं नव्हे!) दोन गोष्टी जोडतो.

एक, शेतकरी 'कीड' म्हणतो तेव्हा तो प्राण्याची जात सांगत नसतो, नुकसान सांगत असतो. मावा, तुडतुडे, बोंडअळी या कीटकांच्या किडी. लाल कोळी कीटक नसलेली कीड. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली, तीही कीडच, आणि गोगलगाय तर शिंपल्याच्या नात्यातली. उलट ढालकिडा हा पक्का कीटक, पण कीड नव्हे, कारण तो मावा खातो. थोडक्यात कीड हा आरोप आहे आणि कीटक ही जात. आरोपी त्याच जातीचा असेल असं नाही.

दोन, गोंधळ सरकारी कागदावरही आहे. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्यातल्या व्याख्येत बुरशीनाशकं आणि तणनाशकंसुद्धा 'कीटकनाशक' या शब्दात बसवलीत. म्हणजे कायद्याच्या नजरेत गवत मारणारं औषधही कीटकनाशक. मग गिऱ्हाइकाने काय समजायचं?

खाडीपलीकडे

ढालकिडा, तुमचा कायदा काहीच नाही. मी कॅलिफोर्नियात असते. इथे २०२२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की चार जातींच्या बंबलबी, म्हणजे केसाळ गुबगुबीत मधमाश्या, कायद्यापुरत्या 'मासे' आहेत! राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्यात पक्षी, सस्तन, मासे, उभयचर, सरपटणारे आणि वनस्पती एवढंच होतं. कीटक कुठेच नाहीत. पण दुसऱ्या एका कलमात 'मासा' या शब्दाच्या व्याख्येत अपृष्ठवंशीही घातलेले होते. न्यायाधीशांनी ते धरून माश्यांना माशांत बसवलं. मराठीत हा विनोद फुकट मिळतो, इंग्रजीत मिळत नाही.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, सिंधुदुर्गात बरीच वर्षं काढली. आमच्याकडे या फरकाला जीव चिकटलेला आहे.

२०१६ पासून दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात माकडताप येतो. रोगाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला होता. पसरवते गोचीड. लोकांना मी डासांपासून जपा म्हटलं तर ते मच्छरदाणी लावून निवांत झोपतात, आणि सकाळी काजूच्या बागेत पाचोळ्यात उघड्या पायांनी फिरतात. गोचीड उडत नाही, तिला पंखच नाहीत. ती पाल्यावर, पाचोळ्यात वाट बघत बसते. म्हणून सांगावं लागतं की हा डास नव्हे, वेगळी जात आहे, पाय झाका, घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासा.

पिसू मात्र कीटक, सहा पायांची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा घरं धुतली, माणसं हलवली, सामान जाळलं, पण उंदरावरच्या पिसवेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदीर आणि पिसवा घेऊन प्रयोग केला तेव्हा ते दिसलं. त्यावरही बरीच वर्षं लोकांनी विश्वास ठेवला नाही.

आणि सर, तुमच्या 'पाय मोजा'ला एक सुरुंग. स्क्रब टायफस नावाचा ताप. २०१८ मध्ये नागपूरकडे बराच गाजला. तो पसरवणाऱ्या चिगरला सहाच पाय असतात. तरी तो कीटक नाही. कोळीवर्गातलं पिल्लू आहे ते, आठ पाय पुढे येतात.

सहावा पाय

डॉक्टर, सुरुंग लागला, कबूल. म्हणून तर वर लिहिलं, मोठ्या झालेल्याचे मोजा. आणि तेवढ्यानेही पूर्ण भागत नाही. कुंडीला जास्त पाणी घातलं की मातीवर टुणटुण उडणारे पांढुरके कण दिसतात ना, त्यांना मोठे झाल्यावरही सहाच पाय. पूर्वी त्यांना कीटकांत धरायचे, आता बहुतेक तज्ज्ञ वेगळे काढतात. त्यांचं तोंड डोक्याच्या आत खोबणीत असतं, कीटकांचं बाहेर. शाळेच्या पुस्तकात हे घालू नये, मुलं वर्ग सोडून जातील.

सुंगटाचा कालवण

मालवणातून प्रश्न. खेकडा संधिपाद, झुरळ संधिपाद. मग माझ्या ताटातलं सुंगट (कोळंबी) म्हणजे पाण्यातलं झुरळ का? बायको हे वाचून जेवणार नाही.

सहावा पाय

उलटं धरा, झुरळ म्हणजे जमिनीवर आलेलं सुंगट. जनुकं तपासल्यावर असं दिसलंय की कीटकांचं मूळ कवचधारी जीवांच्या वंशवेलीतच आहे. म्हणजे लिनियसने खेकडे आणि कीटक एका घरात ठेवले होते ते अगदीच वेडगळ नव्हतं.

नाडीपरीक्षा

आणि वहिनींना सांगू नका, पण सुंगटाची ॲलर्जी असलेल्या काही लोकांना झुरळाची आणि धुळीतल्या कोळ्यांचीही असते. स्नायूतलं एक प्रथिन या सगळ्यांत जवळपास सारखंच असतं, शरीर फसतं.

सुंगटाचा कालवण

वाचलं तिनं. आज डाळभात.

शब्दवेडा

धाग्याचं सार मी काढणार नाही, पण एक सुचवतो. मृगाच्या किड्याचं नाव बदलू नका. संस्कृतात तो 'इंद्रगोप' आहे, तिथे ना किडा ना कीटक, आणि तरी पाऊस आहेच. ज्याला वर्गीकरण हवं त्याने 'मखमली कोळी' म्हणावं. मृगात मात्र किडाच.

ओसरीवरची

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. गणपतीला पुन्हा माहेरी आलो.

काडेपेटीतले चौघे तेव्हाच बांधावर सोडले होते. आजीची अट होती, आठ पाय असोत नाहीतर ऐंशी, जीव कोंडून ठेवायचा नाही. सरांचं सांगणं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते? किडा तर किडा." तिला लिनियस आपल्या बाजूचा आहे हे फार आवडलं. नाव नीट येत नाही, "तो तुमचा लिन्या" म्हणते.

काल मुलाने बाजरीतून नाकतोडा धरून आणला. पंख उचलून बघतो तर पंखाच्या बुडाशी चार-पाच लाल ठिपके घट्ट चिकटलेले. आधी वाटलं रक्त आलंय. पुन्हा तेच, कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब. ठिपक्याला पाय होते. त्याने तीनदा मोजले. सहा.

सकाळपासून मला विचारतोय, "आई, हा कीटक का?" डॉक्टरांचा चिगरवाला प्रतिसाद मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलेला नाही. सर, ही मृगाच्या किड्याच्या गोतावळ्यातलीच पिल्लं ना?

सहावा पाय

तीच, किंवा त्याच कुळातली. लहानपणी नाकतोड्याचा रस पिऊन वाढतात, मग मातीत उतरतात. सांगू नका त्याला. भिंग घेऊन द्या.